सोबतीची खुर्ची

स्त्रीला कलेचे संपूर्ण स्वातंत्र्य देणारी घरे समाजात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात आणि अशा घरांच्या मोठ्या मनावरच रंगभूमी उभी असते. या विधानाबद्दल निदान त्या एका घरात तरी कुणाला शंका नव्हती. घरच्या सुनेला गाण्याची मोकळीक होती, नाचण्याची होती, तोंडाला रंग लावून भरल्या नाट्यगृहासमोर उभे राहण्याचीही होती. फक्त तालमीच्या हॉलमध्ये, दाराच्या आतल्या बाजूला, घरच्या एका माणसासाठी खुर्ची ठेवावी लागे. स्वातंत्र्य संपूर्ण होते. खुर्ची हा वेगळा विषय होता.

या खुर्चीला घरात 'सोबत' म्हणत. 'पहारा' हा शब्द कुणी वापरला असता तर सासऱ्यांना मनापासून वाईट वाटले असते. सासरे जकात खात्यातून निवृत्त झाले होते. उभा जन्म नाक्यावर गेल्यामुळे समोर माणूस आला की त्याच्या चेहऱ्याआधी त्याच्या पिशवीकडे बघायची त्यांना सवय होती. त्यांचा सुनेवर पूर्ण विश्वास होता, विश्वास नव्हता तो बाहेरच्या जगावर, असे ते सर्वांना सांगत. मग खुर्चीचे तोंड जगाकडे न करता सुनेकडे का केलेले असते, हे त्यांना कुणी विचारले नव्हते.

सूनबाईंच्या कारकिर्दीचे समीक्षकांनी तीन कालखंड पाडले आहेत. आधी मागच्या रांगेतली गायिका, मग नायिका आणि शेवटी लेखिका-दिग्दर्शिका. घरात हेच तीन कालखंड नणंद, सासूबाई आणि आत्या या नावांनी ओळखले जात. पहिल्या कालखंडात खुर्चीवर नणंद बसे. तिला वहिनीच्या वागण्यात खोट काढण्यासारखे काही सापडले नाही. मात्र रोज तालमीला बसून बसून तिने स्वतःच दिवे सांभाळणाऱ्याशी लग्न ठरवले. यावरून घराने निष्कर्ष काढला तो असा, की जागा वाटली होती त्याहून धोक्याची आहे. दुसऱ्या कालखंडात सासूबाई बसल्या. त्या काळात सूनबाई नायिका झाल्या, दोन गाण्यांमधली रिकामी जागा भरण्यासाठी आधी संवाद लिहू लागल्या, मग गाणी, मग अख्खे प्रवेश. सासूबाई पेंगत असत, पण डोळा लागला म्हणजे लक्ष नाही असे नव्हे, असा त्यांचा दावा होता. पुढे त्यांच्या गुडघ्यांना हॉलचा जिना झेपेना.

तेवढ्यात सूनबाईंनी स्वतःचे अख्खे संगीत नाटक लिहायला घेतले आणि ते आपणच बसवणार असेही जाहीर केले.

घरात बैठक बसली. अभिनयाला हरकत नव्हती. लेखनाला तर मुळीच नव्हती, कारण ते घरातल्या टेबलावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत होत होते. दिग्दर्शनाची गोष्ट निराळी. दिग्दर्शक पुरुषांना इकडे या, तिकडे जा म्हणतो. सगळे घरी गेल्यावरही मागे थांबतो. नाट्यगृहाचा मॅनेजर सावध माणूस होता. घरच्यांचे काय म्हणणे आहे ते एकदा बोलून घेऊ, एवढेच तो म्हणाला होता, आणि त्या एका वाक्यामुळे सगळा कारभार घरच्यांच्या हातात आला. नवऱ्याने आपला तत्त्वतः पाठिंबा असल्याचे सांगितले. नवरा कॉलेजात समाजशास्त्र शिकवी. वर्गात तो समतेवर इतका सुंदर बोले की मुली वहीत उतरवून घेत. घरात त्याला, चाळिशी आली तरी, बाळ म्हणत.

ठरले ते असे. सूनबाईंनी दिग्दर्शन करावे. पहिल्या प्रयोगापर्यंत सोबत नीट डोळे उघडे ठेवून बसेल. 'तसलं' काही दिसले, तर दिग्दर्शन दुसऱ्याकडे जाईल. तसलं म्हणजे काय, हे कुणी सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही.

प्रश्न उरला सोबतीचा. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, आत्या रिकामीच तर असते.

आत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि त्या भावाकडे आल्या, त्या तिथेच राहिल्या. बाळ त्यांना आत्या म्हणे म्हणून सगळेच म्हणू लागले, सख्खा भाऊसुद्धा. स्वयंपाकघरामागे ट्रंका आणि गाद्या ठेवायची एक खोली होती. ट्रंका एका भिंतीला सरकवून त्यात त्यांची कॉट बसवली होती. त्या पहाटेचा चहा करत, सगळ्यांचे कपडे वाळत घालत, दुपारी धान्य निवडत, रात्री सगळ्यांची जेवणे झाल्यावर ओट्याशी उभ्या राहून जेवत. यालाच सासूबाई रिकामी म्हणत होत्या. कुणी त्यांना टाकून बोलत नसे. कुणी त्यांना काही विचारतही नसे. आज काय करू, हेसुद्धा त्याच विचारत.

अशा माणसाला संशयाची सवय लागते. आपल्याला वगळून जग चालते तर ते चालते कसे, याचा विचार करायला आत्यांकडे भरपूर वेळ होता. दूधवाला आज हसला, का हसला? वहिनींनी, म्हणजे सासूबाईंनी, कपाटाला कुलूप लावले, कालपर्यंत नव्हते. शेजारीण विचारते कशा आहात, तिला काय करायचेय? तेव्हा त्या कामाला त्यांच्याइतके लायक माणूस घरात दुसरे नव्हते, हे सासूबाईंनाही माहीत नव्हते.

तालमीचा हॉल जुन्या गोदामावर होता. जमिनीवर खडूच्या रेघा ओढलेल्या होत्या. ही नदी, हा जिना, हे दार. लोक नसलेल्या दाराची नसलेली कडी काढून आत येत आणि आत्यांना वाटे, इतकी मोठी माणसे दिवसाढवळ्या असे करतात त्याअर्थी आणखी काय करत नसतील. पियानोवाला सारखा घड्याळ बघतो, हा कुणाची वाट बघतोय? नायकाने चहा आधी सूनबाईंना दिला. बरे, दिला तर दिला, साखर किती ते विचारले नाही. म्हणजे ठाऊक आहे.

पहिल्या दिवशी घरी परतल्यावर सासऱ्यांनी त्यांना जेवणाच्या टेबलावर बसायला सांगितले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. सगळ्यांनी विचारले, काय झालं आज. आत्या म्हणाल्या, काही नाही, गात होते. त्यावर 'हं' म्हणून बाळने नळ गळतो आहे तो विषय काढला आणि पुन्हा त्यांच्याकडे कुणी पाहिले नाही. भाजीचे भांडे त्यांच्यापर्यंत आले तेव्हा तळाशी तेल होते.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आज मिठीचा प्रवेश होता. सारखा सारखा करत होते."

या वेळी बाळने नळाचा विषय काढला नाही.

"सारखा म्हणजे?" सासऱ्यांनी विचारले.

"मोजलं नाही दादा. पण दुपार त्यातच गेली."

सासूबाई स्वतः उठल्या आणि त्यांनी आत्यांच्या ताटात गरम वाढले.

आत्या खोटे बोलल्या नव्हत्या. दुपार त्यातच गेली होती. झाले होते असे, की नायिकेचे काम सूनबाईच करत होत्या आणि नायक त्यांना मिठीत घेताना आपले कोपर उचलत होता. बलदंड माणूस, कोपरही तसेच. त्यामुळे नायिकेचा चेहरा झाकला जाई आणि गाणे प्रेक्षकांऐवजी नायकाच्या बगलेत जाई. सूनबाई मिठीतून बाहेर पडत, ट्रंकेचे झाकण दाबावे तसे ते कोपर खाली दाबत आणि पुन्हा मिठीत शिरत. पुन्हा कोपर वर. "कोपर," सूनबाई म्हणत. पुन्हा. "कोपर." मिठी ही गोष्ट इतकी कंटाळवाणी असू शकते हे आत्यांना त्या दिवशी कळले. नाही म्हणायला मनात एक शंका येऊन गेलीच. दुपारभर शिकवून ज्याला कोपर खाली ठेवता येत नाही, त्याला ते खाली ठेवायचेच नसेल तर?

टेबलावर सांगताना त्यांनी फक्त कोपर गाळले.

त्या दिवसापासून आत्या टेबलावर जेवू लागल्या. रोज काहीतरी न्यावे लागे आणि त्या नेत. नायक आज तिच्याशी हळू आवाजात बोलला. (संवाद विसरला होता, तो विचारत होता.) दोघे पडद्यामागे गेले. (पियानोवाला, सुतार आणि आणखी चौघेजण आधीपासून तिथे होते.) कंसातले आत्या कंसातच ठेवत. सासरे एकेक वाक्य उजेडात धरल्यासारखे तपासून घेत. बाळ म्हणे की आपण पूर्वग्रह ठेवता कामा नये, आणि मग हळूच विचारी, पडद्यामागे साधारण किती वेळ?

इकडे सूनबाईंनी लोखंडी खुर्चीसाठी एक उशी आणून दिली. आत्यांनी ती आधी उलटसुलट करून बघितली. मग बसल्या. कंबरेला बरे वाटले, त्यामुळे संशय आणखी वाढला. घरी जाताना बसमध्ये सूनबाई शेजारी बसल्या आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आत्या, घरी काय सांगता ते मला कळतं. सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर ते दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील. तुम्ही निदान गाणं चालू असताना पेंगत नाही."

यात विनवणी नव्हती, धमकी नव्हती, रडणे तर नव्हतेच. आत्यांनी घर येईपर्यंत विचार केला. यात सूनबाईंचा डाव काय, ते काही सापडले नाही. डाव सापडत नाही म्हणजे तो खोल असणार.

सूनबाईंची कामाची पद्धत जगावेगळी होती. पहिला अंक तालमीत उभा राहत होता आणि दुसरा अजून लिहायचाच होता. उभ्या राहिलेल्या माणसांकडे बघून पुढचे सुचते, असे त्या म्हणत. त्यामुळे नाटकात पुढे काय होणार हे त्या हॉलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हते. तालमीला वेग आला तसे पहिल्या अंकात एक नवे पात्र आले. एक म्हातारी. ती अंकभर दाराजवळच्या खुर्चीवर बसते. मांडीवर पिशवी घट्ट धरते. काही बोलत नाही. बाकीची माणसे तिच्यासमोर प्रेम करतात, भांडतात, घर विकायचे ठरवतात, कारण ती तिथे आहे हे कुणाच्या लक्षातच राहत नाही. म्हातारीचे काम करणारी नटी गुणी होती. तिने पिशवी जराशी पोटाशी ओढली, मान न हलवता डोळे तेवढे नायकाकडून नायिकेकडे नेले, आणि सगळा हॉल फसकन हसला.

मग एकेकाचे हसू थांबले, कारण एकेकाला दाराशी बसलेल्या आत्या दिसल्या. आत्यांनी मांडीवरची पिशवी सोडली. मग दोन्ही हातांचे काय करावे कळेना म्हणून पुन्हा धरली.

ही उशी त्यासाठी होती तर. माणूस नीट बसावा, म्हणजे त्याचे चित्र नीट काढता येते.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत नायक तणतणत कपड्यांच्या खोलीत गेला. सूनबाई त्याच्या पाठोपाठ गेल्या आणि दार लागले. आत्या पाणी प्यायच्या निमित्ताने दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. पाण्याचे भांडे दुसऱ्या टोकाला होते. आतून नायकाचा आवाज आला, इतकी वर्षे या धंद्यात घालवली ती एका बाईकडून हात कसा ठेवावा हे शिकायला नाही. सूनबाई म्हणाल्या, शिकायचे नसेल तर जा, उद्या दुसरा उभा करते. मग काहीतरी पडले, बहुधा टोप्यांचा खोका, आणि दार उघडले.

संध्याकाळी आत्या टेबलावर बसल्या. ताट समोर येण्याआधीच त्यांनी सांगितले, "आज कपड्यांच्या खोलीत दोघंच होती. दार लावून."

बाहेर ऐकलेले त्यांनी बाहेरच ठेवले.

यानंतरचे संभाषण सगळे देण्यात अर्थ नाही. बाळने सुरुवात "हे बघ, प्रश्न विश्वासाचा नाहीच" या वाक्याने केली. त्या घरात हे वाक्य फक्त विश्वासाचा प्रश्न असेल तेव्हाच वापरत. त्याचे म्हणणे असे पडले की सूनबाईंनी काम करावे, नाव लेखिका म्हणून यावेच यावे, पण दिग्दर्शन एखाद्या अनुभवी माणसाकडे द्यावे. आणि अनुभवी तर नायकच आहे. मॅनेजरशी बाबा बोलतील.

"ज्याच्याबरोबर दार लावलं म्हणून माझ्याकडून काढून घेताय," सूनबाई म्हणाल्या, "ते त्याच्याच हातात देताय?"

"तो दिग्दर्शक झाला की त्याला दार लावायची गरज उरणार नाही," सासरे शांतपणे म्हणाले. "परवाना दिला की माल चोरटा राहत नाही. मी उभी नोकरी यात काढली आहे."

 सूनबाईंनी ताट उचलले आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने आत्याही गेल्या. सवयीनेच गेल्या. जेवणे झाली की भांडी असतात.

सूनबाई नळाशी उभ्या होत्या. वळल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हातारी तुमच्यावरूनच घेतली, आत्या. तुम्हाला लागलं, दिसलं मला. पण तो पहिला अंक आहे. दुसऱ्यात ती गाते. एकटी. बाकीचे गप्प बसून ऐकतात."

"काय गाते?"

"तेच तर लिहिता येत नाही. इतकी वर्षं कोपऱ्यात बसून बाईला काय दिसतं, मला कसं कळणार? मी कायम मध्ये उभी. तुम्हाला विचारायचं होतं, पण तुम्हाला विचारलं असतं तर तेही टेबलावर गेलं असतं." मग हात पुसत म्हणाल्या, "आता काय. आता तो ठरवील."

आत्यांनी या गोड बोलण्याचा मतलब शोधायला घेतला, नेहमीसारखा. पण निकाल तर लागून गेला होता. हरलेल्या माणसाने ज्याच्यामुळे हरलो त्याच्याशी बरे बोलावे, यात फायदा कुणाचा? सगळ्या बाजूंनी ठोकून बघितले, फायदा कुठेच निघेना. फायदा नाही तर डाव नाही. आणि डाव नाही तर बाई खरे बोलत असली पाहिजे. भलेपणावर विश्वास ठेवून आत्या या निष्कर्षाला आल्या असे म्हणता येणार नाही. संशयाच्या रस्त्याने गेल्या आणि शेवटच्या थांब्यावर हेच गाव लागले.

सकाळी चहा देताना त्यांनी भावाला सगळे सांगून टाकले. कोपर सांगितले, पडद्यामागचा सुतार सांगितला, दाराआडून ऐकलेले शब्दन् शब्द सांगितले.

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "काल का नाही बोललीस?"

"तुम्ही तेवढंच ऐकत होता, दादा."

इतके दिवस कंस गाळून सांगितलेले सगळे त्या घराने डोळे मिटून खरे मानले होते. आज पहिल्यांदा पूर्ण खरे समोर आले, आणि ते कुणाला पटेना. पढवलंय हिला, बाळ म्हणाला. सासूबाईंनी आत जाऊन आत्यांनी हॉलमधून घरी आणलेली, कॉटवरची उशी आणली आणि चहाच्या टेबलावर ठेवली. ही कुणी दिली? सासऱ्यांनी उशी दाबून बघितली. यापेक्षा लहान वस्तूंवर माणसे निलंबित झालेली मी पाहिली आहेत, असे ते म्हणाले. सासूबाई म्हणाल्या की घरात राहून, घरचे खाऊन ही उलटेल असे वाटले नव्हते.

मग सासऱ्यांनी आत्यांना समजावून सांगितले. मॅनेजरला त्यांनी रात्रीच फोनवर शब्द दिला होता की ज्याने डोळ्यांनी बघितले आहे असे माणूस घेऊन येतो. तेव्हा आत्यांनी यायचे आणि काल सांगितले तेवढेच सांगायचे. कालचे. आजचे नाही. हे जमणार नसेल तर धाकट्या भावाचेही घर आहेच, तिकडे कॉट मावेल की नाही ते बघावे लागेल.

आत्यांनी आपल्या खोलीत जाऊन ट्रंकांकडे पाहिले. त्यातली एकही त्यांची नव्हती, पण इतक्या वर्षांत कुठल्या ट्रंकेत काय आहे हे त्यांना पाठ झाले होते. मग पिशवी घेऊन त्या निघाल्या.

मॅनेजरच्या खोलीत खुर्च्या पुरेनात. सासरे, बाळ, नायक बसले. सूनबाई खिडकीशी उभ्या राहिल्या आणि आत्या दाराशी. सासरे नेटके बोलले. बाळ म्हणाला की यात व्यक्तिगत काही नाही, हा व्यवस्थेचा प्रश्न आहे. नायकाने छातीवर हात ठेवून सांगितले की जबाबदारी आपण मागितलेली नाही, पण कलेसाठी नाही म्हणणार नाही. बदल फारसे करणार नाही. फक्त ती म्हातारी काढू.

"म्हातारी?" मॅनेजरने विचारले.

"अंकभर नुसती बसून असते. अडचण होते. काढली तर कुणाला कळणारही नाही."

सासरे आत्यांकडे वळले. "सांग. काय बघितलंस ते."

 आत्यांचे पहिले वाक्य कुणालाच ऐकू आले नाही, त्यामुळे ते पुन्हा म्हणावे लागले.

"हा माणूस मिठी मारताना कोपर उचलतो."

बाळ म्हणाला, "आत्या, दाराचं सांग."

"सांगते. दार लागलं होतं. मी बाहेर कान लावून होते. आत हा म्हणत होता, बाईकडून शिकणार नाही. ती म्हणाली, मग जा. प्रेमात पडलेली माणसं असं बोलत असतील तर मला माहीत नाही. माझा संसार थोडाच झाला, पण आम्ही नव्हतो असं बोलत." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "हे मी टेबलावर सांगितलं नाही. अर्धं सांगितलं की मला गरम वाढत होते. पूर्ण सांगितलं असतं तर पुन्हा ओट्याशी जेवले असते. उद्यापासून जेवीन. मी आता बसणार नाही हिच्या मागे. आणि दादा, तुम्हीही कुणाला बसवू नका. त्या खुर्चीवर बसून माणूस चांगलं राहत नाही. मी नाही राहिले."

सासरे उठले. इतक्या वर्षांत त्यांच्या नाक्यावरून एवढा माल कधी उघड्यावर गेला नव्हता. घरी बघू, असे ते म्हणाले.

मॅनेजर चष्मा पुसत होता. त्याने सूनबाईंना विचारले, तुमचे काय म्हणणे.

"दिग्दर्शन मी करणार," सूनबाई म्हणाल्या. "तालमीला यापुढे घरचं कुणी येणार नाही. ज्याला मला बघायचं असेल, त्याने तिकीट काढून बघावं."

मॅनेजर म्हणाला, बरं, तालीम सुरू करा.

त्या आठवड्यात नायक गेला आणि दुसरा आला. त्याचे कोपर जागच्या जागी राहत असे. आत्यांना धाकट्या भावाकडे पोचवण्यात आले. तिथली नात नुकतीच संध्याकाळच्या पोहण्याच्या वर्गाला जाऊ लागली होती, आणि आत्यांना या कामाचा अनुभव आहे हे तिकडे कळलेले होते. आत्या म्हणाल्या, तिच्याबरोबर पाण्यापर्यंत जाईन हवं तर, पण घरी येऊन सांगणार काही नाही. तेव्हा धान्य निवडण्याचे काम त्यांना तिकडेही मिळाले. जाण्याआधी एकदा त्या हॉलवर गेल्या होत्या. दाराशी न बसता पियानोजवळ बसल्या, आणि सूनबाईंनी विचारले त्याची उत्तरे त्यांनी दिली. आधी प्रत्येक प्रश्नाला "का?" म्हणाल्या, मग दिली. दुसऱ्या अंकातले गाणे त्यातून झाले.

दार उघडते, दार लागते, मी दाराशी बसलेली,
आला गेला मीच मोजला, मीच तेवढी उरलेली.

पहिल्या प्रयोगाला या गाण्यापाशी नाट्यगृह गप्प बसले. सासऱ्यांनी बरोबर आणलेल्या खात्यातल्या जुन्या स्नेह्याला, ही आमची सून, असे कुजबुजून सांगितले. बाळने पुढे कलावंत स्त्री आणि कुटुंबाचा पाठिंबा या विषयावर व्याख्यान दिले, ते दोन ठिकाणी छापून आले. सूनबाईंनी त्यानंतर जी नाटके बसवली, त्यांच्या तालमींना दाराशी खुर्ची ठेवली नाही. नवीन आलेल्या मुलींना पहिल्याच दिवशी विचारत, घरून कुणी बसायला येणार आहे का? हो म्हणाली तर म्हणत, मग दोघीही घरी जा, एकटी आलीस तर ये. काही मुली परत आल्या. बऱ्याच आल्या नाहीत. त्या दिवशी मॅनेजरच्या खोलीत एका म्हाताऱ्या बाईने तोंड उघडले म्हणून हे सगळे होऊ शकले, असे त्या अजूनही मानतात, आणि रंगभूमीवर हा प्रसंग मोठ्या आदराने सांगितला जातो.

मॅनेजरने दिग्दर्शक बदलायचा विचार कधी केलाच नव्हता. दिग्दर्शिका म्हणून सूनबाईंचे नाव असलेली पोस्टरे त्या बैठकीच्या आदल्याच दिवशी छापून आली होती.